शत्रू हल्लाच करत नाही

मंगळवार, ता. ११ मार्च, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे
(ऑफिसातले घड्याळ तीन मिनिटे पुढे आहे, ती वजा केली आहेत.)

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असे आईकडून कळले, बरे वाटले. हे पत्र लिहायला घेतले तेव्हा मी किल्ल्याचा दरवाजा सताड उघडा टाकून शत्रूची वाट पाहत बसलो होतो, आणि अजूनही बसलोच आहे.

बारावीला गणितात अडकल्यावर मावसताईने मला तिच्या ऑफिसात चिकटवले हे तुम्हाला ठाऊक आहेच. ती कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते, मी ते दिवसभर खेळून त्यातल्या चुका वहीत नोंदवतो (आई शेजारी 'तपासनीस' म्हणून सांगते). सध्याचा खेळ दोनशे वर्षांपूर्वीचा. दोन परके राजे समुद्रापलीकडच्या एका बेटासाठी भांडतात (बेटावर आधीपासून राहणाऱ्यांना कोणीच विचारत नाही, हीसुद्धा मी चूक म्हणून लिहिली, ताईने 'ही आपली नव्हे' असा शेरा मारला). एक राजा मी, दुसरा कॉम्प्युटर. शुक्रवारी खेळ विकत घेणारे शेठ येणार आहेत. त्यांची अट एकच, कॉम्प्युटरने माणसाला निदान एकदा तरी हरवून दाखवावे. दाखवले तर सौदा, आणि सौदा झाला तर माझी नोकरी कायम. म्हणजे मला फक्त हरायचे आहे, मामा, आणि तेवढेही जमत नाही.

काल मी सगळी फौज जहाजात भरून दूर पाठवली. किल्ल्यात एकटा आचारी उरला (त्याला हलवता येत नाही; नोंद केली आहे). शत्रू चारशे शिपाई आणि नऊ तोफा घेऊन दाराशी आला. मी हात जोडून बसलो. त्याने शिपाई मोजले. पुन्हा मोजले. मग तोफांची जास्तीची दारू येईपर्यंत थांबला, ती आल्यावर ठेवायला कोठार बांधले, कोठार भिजू नये म्हणून छपरावर दुसरे छप्पर घातले, आणि आभाळ भरून आलेले पाहून घरी गेला. जाताना तहाचा खलिता पाठवला, त्यात गैरसोयीबद्दल दिलगिरी. शेजारच्या टेबलावरचा चित्रकार विचारत होता, तुझ्या शत्रूला पेन्शन कधीपासून सुरू झाली. आज आल्या आल्या मी शत्रूचा झेंडा जाळला आणि माझा खजिना रस्त्यावर ओतला. त्याने तो गोळा करून, मोजून, पावतीसह परत पाठवला.

मग मात्र डोके फिरले. तडक ताईकडे जाऊन विचारले, हा घाबरट प्राणी शिकवला कोणी. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"मी कुठे काय शिकवलं? तुझे सहा महिन्यांचे डाव त्याला दाखवले. तेवढं बघून तो शिकला रे."

जागेवर येऊन वहीतल्या त्याच्या एकशे बारा चुका पुन्हा वाचल्या. बॅगेतल्या दोन छत्र्यांपैकी एक चित्रकाराला देऊन टाकली. मग ती परत मागून आणली.

मामींना नमस्कार. जिना सावकाश चढावा.

आपला,
भाचा

ता. क. लहानपणापासून आई 'मामासारखा होऊ नकोस' असे बजावत आली आणि मी झालो नाही, त्याची ही फळे. घरमालकाच्या ओसरीवर, त्याच्याच खुर्चीत बसून भाडे कमी करून घेणारे आपल्या घरात तुम्ही एकटेच. उद्या पहिल्या गाडीने या. दोन दिवस तुम्ही खेळा, कॉम्प्युटर बघेल. आईला कळू देऊ नका. फोन करत नाही, कारण मामी तो स्पीकरवर घेतात आणि बातमी चहा निवायच्या आत आईपर्यंत पोहोचते. पत्र तुमच्याकडे जाणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हाती देत आहे, संध्याकाळी मिळेल.

दुसरा ता. क. गुडघ्याखाली घ्यायला उशी आणून ठेवली आहे. दोन आणल्या आहेत.

आजअखेर हिशेब (सर्व मोहरा खेळातल्या):
शत्रूची शिल्लक नव्वद हजार. त्याचा लढाईवरील खर्च शून्य.
माझा खर्च, झेंडा जाळण्यास तेल, तीन.
माझे देणे: आचाऱ्याचा सहा महिन्यांचा पगार, आणि एक पराभव, शुक्रवार सकाळपर्यंत.