घोट्यापर्यंतचं पाणी

तीर्थस्वरूप जाईआक्का,

धाकट्या गंगाधरचा नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. थेंब वेळेवर घालतेस ना? इथे सगळे ठीक. फक्त माझं डोकं फिरलंय, आणि ते का फिरलं हे सांगायलाच हे पत्र.

आमची भोईवाड्यातली तळमजल्याची खोली तुला आठवत असेल. संपाच्या साली तू आलीस तेव्हा छताला पंखा होता. आता नाही. पाणी घरात शिरायला लागल्यापासून आम्ही तळमजलेवाले दर चार-पाच वर्षांनी जमीन उचलतो. टॉवरच्या कामाचं डेब्रिज आणायचं, पसरायचं, वर कोबा करायचा. (शेवटचा कोबा माझ्या देखरेखीखाली झाला. मिलमध्ये जॉबर होतो, काम वाकडं होऊ देत नाही.) तीनदा जमीन वर आली, छत मात्र जिथल्या तिथे. पंखा काढला नसता तर माझं मुंडकं गेलं असतं.

गेल्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये नगरसेवक आले. पाऊस आणि समुद्र दोन्ही वाढतायत म्हणून सखल चाळींसाठी पंप आणि मोठी गटारं, अशी एक योजना आहे. हा गृहस्थ तिच्या विरोधात. हवामान बदल हे म्हणे परदेशी लोकांनी एसीत बसून काढलेलं खूळ. गिरण्यांचा एवढा धूर होता तेव्हा काय झालं, असंही विचारलं. (तो धूर आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचा. हा राहायला दादरला.) मग त्याने भर सभेत मलाच उभं केलं आणि पाणी किती येतं ते विचारलं. मी खरं तेच सांगितलं. दोन हजार पाचला कंबरेपर्यंत, नंतर गुडघ्यापर्यंत, गेल्या वर्षी फक्त घोट्यापर्यंत. हे शेवटचं जरा छाती काढूनच सांगितलं, कोबा माझा ना!

“बघा, काका स्वतःच सांगतायत. पाणी कमी होतंय.”

टाळ्या पडल्या. आक्का, मीही वाजवल्या. घरी शिरताना चौकट कपाळावर आदळली तेव्हा उजेड पडला. तसाच उलटा पळालो आणि त्याला सांगितलं, की बाबा रे, पाणी उतरलं नाही, आमची जमीन चढली. त्याने शांतपणे चहा संपवला आणि सोबतच्या माणसाला म्हणाला, “भर घातलीय म्हणतात. परवानगी होती का बघा.”

संताप संताप झाला. गिरणी गेली तेव्हाही असेच गोड बोलणारे लोक आले होते. तेव्हा मी तरुण होतो, ओरडलो तरी होतो. आता टाळ्या वाजवतो. स्वतःचीच लाज वाटते.

भाच्यांना आशीर्वाद.

तुझा,
गंगाधर

ता.क. नोटीस आली. महिन्याच्या आत भर काढून जमीन ‘मूळ पातळीवर’ आणायची आहे. महिना संपतो तो नेमका पावसाच्या तोंडावर.

आणखी एक. खरं तर हेच लिहायचं होतं. आमच्या हिला, कांताला, आता पाणी शिरलं तरी पोटमाळ्यावर चढता येत नाही. गेल्या जुलैत मी बाहेर अडकलो आणि ती चार तास ओट्यावर पाय वर घेऊन एकटी बसली होती. पावसाळाभर तुझ्याकडे जा म्हणून यंदा मी तिला जवळजवळ राजी केलं होतं. पण तीही त्या सभेला होती. आता म्हणते, पाणी कमी होतंय, तुम्हीच तर सांगितलंत. माझं ती आता ऐकणार नाही. तुला ताप आल्याचं खोटं पत्र तू तिला टाक, म्हणजे तुझ्या सेवेला म्हणून तरी ती निघेल. लगेच टाक.