कुबड्यांची टोकं

९ जानेवारी
छावणीच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. पाडलेल्या विमानातला वैमानिक, शत्रूचा. डावा पाय मोडलेला. कुबड्यांसाठी माप घेतलं. आपली भाषा मोडकीतोडकी शिकलाय. म्हणाला, "मिस्त्री, मी इथून चालत जाणार." पहारेकरी हसला, "आधी उठून तर बस."

१३ जानेवारी
शिंपी दारात थांबला. "नुसत्या कुबड्याच कशाला मिस्त्री? पंखही लावून द्या की." मी रंधा मारत राहिलो. त्याची लेक बॉम्बमध्ये गेली.
संध्याकाळी देवाकडे दोघांसाठी मागायचं होतं — शिंप्याच्या लेकीसाठी आणि वैमानिकाच्या पायासाठी. एका दमात मागवेना. दोनदा हात जोडले.

१८ जानेवारी
कुबड्या नेऊन दिल्या. पोरगा तापाने फणफणलेला. उशाशी भिंतीला टेकवून ठेवल्या. नुसता बघत राहिला. "उद्या," म्हणाला.

२१ जानेवारी
गेला.

२२ जानेवारी
शवपेटी मीच केली. माप घ्यायला जावं लागलं नाही.
कुबड्या परत आणल्या.

६ ऑक्टोबर
लढाई थांबली. पुरलेली पेटी घरी न्यायला त्याचे वडील येताहेत. दुभाष्या सांगून गेला. पोराने मरायच्या आधी घरी कळवलं होतं म्हणे, मिस्त्री कुबड्या करतोय, आता चालेन. वडिलांना एवढंच विचारायचंय — चालला का?
बायको म्हणाली, "चालला म्हणा."
"आणि खोटं बोलू?"
"बापाला नाही म्हणून काय मिळवणार आहात? देवाचं मी बघून घेते."

७ ऑक्टोबर
देवापुढे बराच वेळ बसलो. काही सुचवलं नाही त्याने. मग उठलो आणि कुबड्यांची टोकं पायरीच्या दगडावर घासली, चांगली झिजेपर्यंत. आपल्या हातचं काम बिघडवणं जड गेलं.

९ ऑक्टोबर
आले. माझ्याच वयाचे. मी सांगितलं — दवाखान्याच्या खिडकीपर्यंत गेला, परत आला. दुभाष्याने त्यांना सांगितलं.
त्यांनी झिजलेल्या टोकांवरून अंगठा फिरवला. मग धरायच्या मुठींवरून. मुठी मी विसरलोच होतो — लाकूड कोरं, घामाचा एक डाग नाही. अंगठा तिथेच थांबला.
माझ्याकडे पाहिलं. हळूच काहीतरी बोलले.
दुभाष्या म्हणाला, "विचारताहेत, त्या खिडकीतून काय दिसतं?"
ती खिडकी मीच बसवलेली. तेवढं खरं सांगता आलं.