ढब्ब्याच्या गाठीचा रिपोर्ट

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहितेय. शुक्रवारी ढब्ब्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं तुम्ही ठरवलंय, असं आईकडून कळलं. मी ते होऊ देणार नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. नाही वाचणार, माहीत आहे.

त्या कुत्र्याच्या मांडीवरच्या गाठीचा तुकडा तुम्ही स्वतः कापलात, तुमच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली बघितलात आणि निकाल देऊन मोकळे झालात: वाईट आहे, पसरणार, मुक्या जिवाचे हाल नकोत. उरलेला तुकडा आईने जॅमच्या बरणीतून गुपचूप माझ्या लॅबमध्ये धाडला. तिच्यावर डाफरू नका. चाळीस वर्षं जनावरांच्या डॉक्टरशी संसार केलाय तिने, बरणीत कुठलं औषध ओतायचं ते तिला कळतं.

नुसत्या मायक्रोस्कोपखाली ती गाठ मलाही वाईटच दिसली. मग मी त्या दोन तपासण्या केल्या, ज्यांना तुम्ही रंगरंगोटी म्हणून हिणवता. एकीत, फुटून दोन व्हायच्या तयारीत असलेल्या पेशी तेवढ्या तपकिरी होतात. त्या अगदी थोड्या निघाल्या. दुसरीत, एक प्रथिन पेशीच्या कडेला आहे की आत घुसलंय ते दिसतं. आत घुसलं की धोका. ढब्ब्याचं कडेलाच बसलंय, शहाण्या मुलासारखं. माझाच माझ्यावर भरवसा नव्हता, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या बाईंना कुत्रा कुणाचा ते न सांगता पुन्हा मोजायला लावलं. आकडा तोच. हमी मी देत नाही, बाबा. पण गाठ नीट काढली तर अशी बहुतेक कुत्री पुढे वर्षानुवर्षं जगतात. तुमच्या बोटाला सगळं कळतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. हे नाही कळत बोटाला.

आता वर्षभर पोटात ठेवलेलं सांगते. तुमचा दवाखाना आवरताना, आपल्या पहिल्या कुत्रीच्या, चिंगीच्या गाठीचा तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ठोकळा मी पर्समध्ये टाकला होता. तुम्ही तिला झोपवलंत तेव्हा मी दहा वर्षांची होते, तिचं डोकं मी धरलं होतं. त्याच्या पातळ चकत्यांना मी तेच दोन रंग दिले. तिचंही प्रथिन कडेलाच होतं. चिंगी बहुतेक जगली असती. हे तुम्हाला कधीच कळू द्यायचं नव्हतं मला. त्या वेळी ही तपासणी नव्हती, त्यामुळे तो दोष तुमचा नाही. आता तपासणी आहे, रिपोर्ट सोबत जोडलाय. तरीही शुक्रवारी सुई उचललीत, तर मात्र दोष तुमचाच. मी गुरुवारीच येतेय.

तुमचीच, तुमच्याइतकीच हट्टी
लेक