माफीचं पान

ताडकळस, ता. ९ मार्च १९४१
॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

ती. सौ. नीलम्माअक्कास भावजय मल्लम्माचा शि. सा. शरणार्थ वि. वि.

तुमच्या भावाला परवा पोलिसांच्या अमीनसाहेबांनी ठाण्यात नेलंय. तुमी घाबरू नका. मीच लय घाबरले हाय. गावच्या नाटकात हे राजा झाले होते. परमुलखाचा माणूस शहरात शिरला की त्याचं मुंडकं उडवायचं, असा त्या राजाचा कायदा. ह्यांनी लिंबाजीभावजींना, म्हणजे सोंगातल्या व्यापाऱ्याला, सजा सुनावली. लोक हसले आणि अमीनसाहेब उठले. सरकारच्या कायद्याची टिंगल करता म्हणाले आणि खेळ बंद. इजाजत तर होती, मग धरलं कशाला? सजा झाली ते लिंबाजीभावजी घरी, सुनावणारे आत. मला काहीच उमगंना.

उलट टपाली कळवा. आपली मल्लम्मा.

चुडावा, ता. १२ मार्च

चि. सौ. मल्लम्मास नीलम्माचे अनेक आशीर्वाद.

म्हशीला भिणारा लिंगराज राजा झाला याचं आधी हसू आलं, मग रडू. मला एक सांग, पुढं राजा त्या व्यापाऱ्याला सोडतो ना? मग अमीनसाहेबांनी अर्धाच खेळ पाहिला. नाटकाची वही घेऊन जा आणि शेवट वाचून दाखव. यानं सुधारेल की बिघडेल, मलाही कळेना. पण घरी बसू नको.

माया आहे तशी राहू दे. तुझी अक्का.

ताडकळस, ता. १७ मार्च

ती. सौ. अक्कास शि. सा. शरणार्थ वि. वि.

हे घरी आले. मी वही घेऊन ठाण्यात गेले. लिंबाजीभावजी संगं होते, पण ते पायरीवरच थांबले, म्हणून मीच वाचलं. व्यापाऱ्याची बायको राजाच्या पाया पडती, तिथं मला पुढची ओळ सापडंना. तवा गजाआडून ह्यांनीच पुढचं वाक्य म्हटलं, “कायदा माझाच हाय, तर माफीबी माझीच.”

अमीनसाहेबांनी वही मागून घेतली. मग शिपायाला कुलूप काढायला लावलं. का धरलं ते सांगितलं न्हाई, का सोडलं तेबी न्हाई. माफीचं पान तेवढं वहीतून फाडून ठेवून घेतलं. खेळ पुन्हा करायचा न्हाई, असा हुकूम दिला. आणि आमी पायरी उतरलो तर मागून हळूच विचारलं, पुन्हा कधी करता?

हे नुसतं ‘जी’ म्हणाले. त्याचा अर्थ मी विचारला, तर ह्यांनाबी ठाऊक न्हाई.

भावावरली माया भावजयीवरबी असू द्यावी. आपली मल्लम्मा.