जे मधूनच गेले

नूरविका,
४ मार्च

प्रिय गुद्रुन मावशी,

तुझे फोन आले होते, मुद्दामच उचलले नाहीत. फोनवर तू बोलायला लागलीस की मी नुसती 'हो, हो' करत राहते. म्हणून हे पत्र.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, तरी बर्फ उपसायला माझ्याआधी बाहेर. कॉडचा हंगाम भरात आहे. पडदे, उशा, सगळ्याला माशांचा वास. माझी बालवाडीतली नोकरी टिकली आहे. पोरं मला 'तीरिलताई, बूट!' म्हणून दिवसभर पळवतात आणि रात्री झोप लागते. हे तुला आवर्जून सांगते, कारण मी अंथरुणातून उठत नव्हते तेव्हा मला गाडीत घालून तुझ्या मानसोपचार केंद्रात नेणारी तूच होतीस. तिथल्या उपचारांनी मी बरी झाले. हे मी कुणापुढेही नाकारणार नाही.

आता केंद्राच्या सभेचं.

तू व्यासपीठावर छान दिसत होतीस. निळा स्वेटर आईने विणलेला, ओळखला मी. दर आठवड्याला झोप, भूक, जगावंसं वाटतं का, याची आम्ही जी उत्तरं द्यायचो, त्यांवरून तू निकाल काढला होतास : दहातली आठ मुलं बरी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या आठांतली एक मी होते ना.

मग मागून शाळेच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, "आणि जी मुलं मधूनच यायची थांबली, ती?"

तू म्हणालीस, "ती मोजणीत धरलेली नाहीत. तरुण मुलं आहेत, बरं वाटलं की येणं सोडतात. बहुतेकांचं तसंच झालं असणार."

मावशी, तिसऱ्या रांगेत मारित बसली होती. सोंद्रेची आई. तिने हातातला कॉफीचा कप खाली ठेवला आणि कोट न घालताच बाहेर गेली. तू पाहिलंस. तुझं पुढचं वाक्य अडखळलं, म्हणजे पाहिलंसच.

सोंद्रे माझ्याच गटात होता. बरं वाटलं म्हणून त्याने येणं सोडलं नाही. गटात बोलल्यावर त्याला आणखीच काळोखात गेल्यासारखं व्हायचं. तो यायचा थांबला आणि केंद्रातून एकाही माणसाने त्याला फोन केला नाही. मारितला तो होड्या ठेवायच्या नावघरात सापडला, नशिबाने वेळेत. दवाखान्यातून मी पहिला फोन तुला केला. तू आलीस, मारितचा हात धरून सबंध सकाळ तिच्याशेजारी बसलीस. तेव्हा मला वाटलं होतं, अशी मावशी कुणाला नसेल.

आणि तरीही तू ते वाक्य बोललीस.

सभेनंतर तुझ्या स्वयंपाकघरात मी विचारलं तेव्हा तू पाठ फिरवून भांडी विसळत राहिलीस. "एका मुलावरून निष्कर्ष काढता येत नाही गं," म्हणालीस.

"मग बाकीच्यांना विचारलंस?"

"त्यांना शोधायला माणसं लागतात. आणि तीरिल, आकडा घसरला तर केंद्रच बंद करतील. मग तुझ्यासारख्या मुलींनी जायचं कुठे?"

हेच मला सर्वांत जास्त लागलं. माझं बरं होणं तू ढालीसारखं पुढे धरलंस, आणि त्या ढालीमागे सोंद्रेला नाहीसं केलंस. काहींना याने गुण आला नाही, एवढं सांगितलं असतंस तर पुढच्या वेळी गळणाऱ्या मुलाच्या दारात कुणीतरी गेलं असतं. आता तुझ्या निकालावर आणखी तीन गावांत हेच सुरू करायचं ठरतंय. तिथेही एखादा यायचा थांबेल आणि सगळे म्हणतील, बरा झाला असेल.

इतका वेळ जे सांगायचं टाळते आहे, ते आता लिहून टाकते. सोमवारी मी नगरपरिषदेत गेले होते. सोंद्रेला आधी विचारलं. तो मामाच्या बोटीवर जाळी ओढत होता, अजून बारीकच दिसतो. जाळी खाली ठेवून म्हणाला, "माझं नाव सांग. पण मी येतो, तू एकटी नको जाऊस." आम्ही दोघं गेलो. त्याचं तो स्वतःच बोलला, मी रडले नाही. मी बरी झाले हेही सांगितलं, आणि तुला सोंद्रेचं माहीत होतं हेही. तीन गावांचा निर्णय त्यांनी थांबवला आहे. सोडून गेलेल्या प्रत्येकाला आधी भेटायचं ठरलंय. तुलाही बोलावतील. ते परक्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून ही घाई.

आईला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "माझी बहीण आहे ती," आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. कुणाच्या बाजूने म्हणाली, मला कळलं नाही.

ईस्टरला मी तुझ्याकडे येणार नाही. उत्तर पाठवायची घाई करू नकोस. आधी मारितकडे जा. ती दार उघडेलच असं नाही. तरी जा, आणि थोडा वेळ उभी राहा.

जिला तू बरं केलंस आणि जिचा विश्वास तू मोडलास,
ती तुझी एकच भाची,
तीरिल