सातव्या घराचा हात

मु. चौक, जि. कुलाबा
माघ वद्य पंचमी, शके १८६७

तीर्थस्वरूप सहदेवदादा यांस, धाकट्या चुलतभावाचा, नागूचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (वर 'यांस' लिहिलं तेवढा मान पुरे. पुढे तूच म्हणतो, नाहीतर पत्र दुसऱ्या कुणाचं समजून परत धाडशील.) वहिनींचा दमा कसा आहे? परळच्या खोलीत वारा येतो का? इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे आळीत कुणी कुणाशी बोलत नाही.

आपल्या सात घरांचं सामाईक काय काय, ते तुला आठवतंच असेल: एक विहीर, एक रायवळ आंबा आणि ते तांब्याचं मोठं तपेलं. आंबा उतरवायचा तर सगळ्यांच्या देखत, विहीर उपसायची तर घरटी एक माणूस, आणि तपेलं लग्नासाठी बाहेर काढायचं तर साती घरांचा एकेक हात त्याला लागलाच पाहिजे. आजोबांनी घातलेली रीत. मागून कुणी 'मला विचारलं नाही' म्हणायला नको. विहीर उपसताना तू तळाशी उतरून गाणी म्हणायचास आणि वर आम्ही दोर ओढायचं विसरायचो. हल्ली मुकाट्याने उपसतात. काम लवकर होतं, पण मजा नाही, दादा. तुझी फार आठवण येते.

तर आमच्या जयाचं लग्न ठरलं. तपेलं यंदा येसूबाईकडे आहे. (तिचं वय आता तिलाही माहीत नाही.) सहा घरांचे हात तयार, सातवं घर तुझं, आणि त्याला आठ वर्षं कुलूप. तुझ्याकडे असताना तपेल्याला पोचा आला, तो तूच पाडलास असं पंचांनी ठरवलं आणि "तुमच्या तपेल्याला जलमात हात लावणार नाय" म्हणून तू गेलास, तो गेलासच.

शेजारच्या बुधाजीने तोड काढली. तुझ्या पडवीत राहिलेला जुना फेटा आणून तपेल्यावर ठेवला आणि म्हणाला, लागला सहदेवाचा हात. येसूबाई म्हणाली, "फेट्याला हात कुठं असतो रं?" मग बैठक बसली. यापुढे घरं सहाच धरावीत, असा ठराव मीच मांडला. (मुलीच्या बापाला लाज कसली?) सगळ्यांनी माना डोलावल्या, तपेलं उंबऱ्यापर्यंत आणलं, तर म्हातारी चक्क त्यात जाऊन बसली! "आज सहदेवाचं घर वगळाल, उद्या माजं वगळाल. उचला आता!" दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसली. चहा तिथेच प्याली, पान तिथेच कुटलं. शेवटी आम्ही तिच्यासकट तपेलं पुन्हा आत नेऊन ठेवलं. तेव्हापासून जयाची आई मला एवढंच विचारते, "वऱ्हाडाचा भात काय ओंजळीत शिजवू?"

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. अक्षराला हसू नये, चौथीपर्यंतचंच आहे.

तुझा नागू

ता. क. लग्न फाल्गुन शुद्ध दशमीला आहे. एक हात लावायला ये.

ता. क. दुसरा: तो पोचा मी पाडला. तुम्ही सगळे शेतावर होता. तुझ्या पडवीतून तपेलं आणून पालथं घातलं आणि त्यावर चढून आळीचा आंबा चोरत होतो. पंचांपुढे सांगायला तोंड उघडलं होतं, ते पुन्हा मिटलं. तू आलास की सगळ्यांदेखत सांगेन.

ता. क. तिसरा: पेठेतला वाणी त्याचं तपेलं द्यायला केव्हाच कबूल झालाय. मीच नको म्हणालो. जयाच्या आईला कळवू नकोस.