गार्गीनं भरून दिलेली रेकॉर्ड

६ जानेवारी, मंगळ
कडाक्याची थंडी. मार्गासनीपर्यंत काचेवर धुकं. पुसलं की परत. टेम्पोत मागं दुधाचे कॅन खडखडतायत, पुढं टेपवर गार्गीची रेकॉर्ड.

गाणं म्हणावं का याला, माहीत नाही. गात कुणीच नाही. एक गिटार, एक ऑर्गन, आणि ड्रमवाला असा हळू, जसं शेजारी बाळ झोपलंय. जॅझ म्हणतात. भोरला तिच्या बाबांकडं जुन्या रेकॉर्डी आहेत, त्यातली ही. तिनं स्पीकरसमोरच्या खुर्चीत मोबाईल ठेवला आणि अख्खी भरून दिली. त्यामुळं यात तिचं घर पण आलंय. कुकरची शिट्टी, गल्लीतला भंगारवाला, बाबांचा खोकला. नेटवर हीच स्वच्छ मिळते. ऐकली. लग्नाच्या हॉलसारखी वाटली, सगळं चकचकीत आणि ओळखीचं कुणी नाही.

ठरलंय ते असं: मेमधली तिची पुण्यातली परीक्षा होईस्तोवर मी फोन करायचा नाही. आमच्या दोघांचं घरी ती सांगणार, तिच्या पद्धतीनं. म्हणाली, तू मधे आलास की सगळ्याचं भांडण होतं. खरंय. तिसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलं ते भांडणातच, तिच्यावरनं झालेल्या.
फोन करावासा वाटला की रेकॉर्ड लावायची, हा उपाय. दिवसात कितीदा लावतो ते लिहीत नाही.

९ जाने.
हिराआजी कॅनमध्ये दूध ओतताना म्हणाली, "कोण वारलंय का रं?"
म्हणलं, नाही, का?
"मग ह्ये काय लावलंय? माझ्या म्हशीनं पान्हा चोरला."
सगळी हसली. मी पण हसलो. मग पुढच्या वळणावर राग आला, कशाचा ते कळेना.

दादाचं तेच. गाडी त्याची, टेप त्याचा, पेनड्राइव्ह तेवढा माझा. "दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय. काय ठोक्याचं लाव की." ठोका आहे त्यात, म्हणलं, तू थांबून ऐकत नाहीस एवढंच. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

ऑर्गन म्हणजे आपली भजनातली पेटी नव्हे. पेटीला दम लागतो, भाता मारावा लागतो. हा दम घेतच नाही. एक सूर धरतो आणि धरूनच राहतो, आणि तो सूर आतल्या आत हलत असतो. भाटघर धरणाच्या पाण्यावर उन्ह पडतं तसं. गिटारवाला त्या पाण्याकडेनं चालतो. पाय भिजू देत नाही.
गा. ला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, तू कधी शिकलास असं बोलायला.
सांगता येत नाही. मेपर्यंत.

१३ जाने., भोगी
आईनं तीळ लावून बाजरीची भाकरी, भोगीची भाजी. जेवताना परत कॉलेजचा विषय. आई म्हणते, एकदा सरांची माफी मागितली असती तर काय अंगाला भोकं पडली असती? मी ताट सोडून उठलो. सणाचं.

टेम्पोत जाऊन बसलो. रेकॉर्डमधलं तिसरं वाजवलं. त्यात एक जागा आहे. गिटारवाला चांगला रंगात आलेला असतो आणि मधेच गप्प होतो. चुकला म्हणून नाही. ऑर्गनवाल्याला काय म्हणायचंय ते ऐकायला. ऑर्गनवालाही लगेच बोलत नाही. दोघंही थांबलेले. मग दोघांतला कुणी तरी अगदी हळू एक सूर ठेवतो, पाहुण्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवावा तसा.
मी कुठल्या भांडणात एवढा थांबलो असतो तर. जाऊ दे.

१५ जाने., गुरु
लिहू का नको.

तीच तिसऱ्यातली जागा इंजिनाच्या आवाजात बुडते. कॅन तर बोलतच असतात. म्हणून आंबवण्याच्या पुढं चिंचेखाली गाडी लावली, इंजिन बंद, डोळे मिटले. एवढी जागा ऐकायची आणि निघायचं. पण ती संपली की पुढचं सुरू होतं, आणि त्याला मधे तोडावं असं काही नाहीच त्यात. रेकॉर्ड पुरी झाली तेव्हा डोळे उघडले.
कापूरहोळला डेअरीत पोचलो तर टँकर गेलेला. दूध घ्यायला कुणी तयार नाही.

दादा किकवीवरनं बाईक मारत आला. सगळं दूध ढाब्यावाल्याच्या कढईत, खव्यासाठी. अख्ख्या खोऱ्याच्या पहाटेच्या धारा, आणि मी तिथं उभा राहून ते आटताना बघतोय. दादानं पाना घेतला, टेप उपसला, वायरी लोंबत्या ठेवल्या. मग म्हणाला,
"त्या बयेपायी शाळा घालवलीस. आता दूध बी घालव."
मी त्याची कॉलर धरली. सख्ख्या भावाची, हायवेला, लोकांदेखत. ढाब्यावाल्यानं सोडवलं.

उद्यापासून हिराआजीच्या दारात टेम्पो मुकाच जाईल. म्हशीचं तरी भलं.

१८ जाने., रवि
टेप नाही तर मोबाईलवर. नसरापुरातनं कानात घालायचे हेडफोन आणले. सकाळचं दूध पोचवून गुंजवणीच्या काठाला जाऊन बसलो. ऊन चांगलं होतं.

देवा शप्पथ, इतके दिवस मी ही रेकॉर्ड ऐकलीच नव्हती. टेम्पोत नुसता तिचा वास येत होता. आज कळलं, ड्रमवाला काठीनं नाही, कसल्या तरी कुंच्यानं वाजवतो, अंगण झाडल्यासारखा आवाज. खाली जो घुमणारा आवाज आहे तो ऑर्गनचाच. गिटारवाल्याचं बोट तारेवरनं घसरतं ते पण ऐकू येतं. आणि खोलीतलं! खुर्ची कुरकुरते. तिची बांगडी. ती श्वास घेते ते. कित्येक दिवसांनी जरा बरं वाटत होतं.

मग एक बाजू संपली. सुई उचलली. रेकॉर्ड उलटायची म्हणून बाबा उठले असणार. इथं टेम्पोत नुसती खरखर यायची. आज शब्द आले.
बाबा: "कोणासाठी चाललंय एवढं?"
गार्गी: "कोणासाठी नाही हो बाबा. असंच."
मग सुई टेकली आणि दुसरी बाजू सुरू.

१९ जाने.
कोणासाठी नाही.
परत ऐकलं. परत. आवाजात हसू आहे का ते बघत होतो. नाही. घाबरलेली आहे का? नाही. चहा घेणार का विचारल्यावर नको म्हणावं तसं.
दुसरी बाजू आता ऐकवत नाही. तिथं जायचं तर या वाक्यावरनंच जावं लागतं. पुढं ढकलून ऐकता येतं, बोटाचं काम. पण मग मला माहीत असतं की मी ढकललं.
ऑर्गनवाला तोच, गिटार तीच. पण आज वाटलं, हे लोक एवढे शांत आहेत कारण यांचं काहीच जात नाहीये.

२१ जाने., बुध
केला फोन. दुपारी. न करायचं ठरलेलं मोडलं.
ती लायब्ररीत होती, बाहेर आली, काय झालं, घरी सगळे बरे ना? मी हॅलो पण नाही म्हणालो. एकदम सुरू. तुझ्या तोंडचं ऐकलंय मी, कोणासाठी नाही म्हणे. मग मी कोण? डिसेंबरपासून तोंड शिवून बसलोय तो कोणासाठी?

आधी तिला कळेचना. मग कळलं. म्हणाली, "मग काय सांगायला हवं होतं बाबांना, रेकॉर्ड उलटता उलटता?"
"माझं नाव सांगायचं होतं."
"तुझं नाव मला नीट सांगायचंय, ओंकार. असं जाता जाता नाही. ऐक, मी तुला सांगणारच होते की—"
आणि इथं मी बोललो. तू लाजतेस, दुधाच्या टेम्पोवाल्याची लाज वाटते तुला, भोरच्या माडीवरनं आमची गावं दिसत नाहीत. अजून बरंच. लिहिण्यासारखं नाही. आणि फोन कापला.
काय सांगणार होती?
संध्याकाळी लावला. बंद.

२२ जाने.
बंद.

२४ जाने., शनि
दूध पोचवलं, दादाला म्हणलं भोरला काम आहे. तो कॉलरच्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही, नुसती बाईकची किल्ली फेकली.

काय करणार होतो? माहीत नाही. सगळं सांगून टाकायचं, तोंडावर, हे डोक्यात होतं. राजवाड्याच्या मागची गल्ली. दार तिच्या बाबांनी उघडलं. बारीक माणूस, स्वेटर, कानटोपी. मी म्हणलं, गार्गीच्या कॉलेजात होतो. मग पुढचं आलंच नाही. म्हणलं, तुमच्याकडं जॅझची एक रेकॉर्ड आहे म्हणे, गिटार आणि ऑर्गनची. ऐकायची होती.
त्यांचा चेहरा असा झाला, मला लाज वाटली. "आमच्याकडे रेकॉर्ड ऐकायला? या, या. आत या. आमच्या घरात तर ही लावली की सगळे स्वयंपाकघरात जातात."

तीच खुर्ची. मोबाईल ठेवलेली. तीच कुरकुरली.

खरी रेकॉर्ड म्हणजे वेगळंच. तो खालचा आवाज कानातनं येत नाही, फरशीतनं पायात येतो. काका बोलत होते, मधे मधे, हळू, वाजणाऱ्याला त्रास होऊ नये असं. तो खालचा बास ऑर्गनवाला पायानं वाजवतो म्हणे. आणि ऑर्गनचा आवाज हलतो कारण त्याच्या खोक्यात कर्णा गोल फिरतो. गिटारवाल्याबद्दल म्हणाले, "याला येतं त्याच्या निम्मंच वाजवतो. तरुणपणी मला वाटायचं याला येतच नाही." तिसऱ्यातली ती जागा आली तेव्हा त्यांनी बोट वर केलं. मी मान हलवली. मला माहीत होतं हे बघून ते माझ्याकडं बघतच राहिले.

बाजू संपली. उठले, रेकॉर्ड हातात धरून माझ्याकडं वळले.
"तुला कुठे ऐकायला मिळाली रे ही? गार्गीनं ऐकवली का?"
आता. हेच तर सांगायला आलो होतो. चांगला माणूस, समोर उभा, विचारतोय.
म्हणलं, "नाही काका. एका मित्राकडं होती."

दुसरी बाजू ऐकली का काय, आठवत नाही. तिच्यावर ज्यासाठी एवढा ओरडलो तेच करून मी तिथं बसलो होतो, चहाची बशी मांडीवर घेऊन. आणि लाज वगैरे नव्हती हो. त्यांच्यापुढं ते असं टाकावंसं वाटलं नाही, एवढंच.

निघताना काका दारापर्यंत आले. म्हणाले, गार्गी असती तर बरं झालं असतं. "सोमवारी फोन आला होता तिचा. रविवारी येते, तुमच्याशी बोलायचंय, फोनवर नको म्हणाली. कधी असं केलं नाही तिनं. आणि परवा म्हणते, राहू दे, नाही येत, अभ्यास आहे."
सोमवारी ठरवलं. बुधवारी माझा फोन. गुरुवारी राहू दे.
मेची वाट न बघता सांगणार होती ती. नीट. आणि हेच मला सांगत होती तेव्हा मी.

बाईक कापूरहोळपर्यंत कशी आणली माहीत नाही.

२६ जाने.
शाळेत झेंडा, पोरांची लेझीम. दूध घालून आलो आणि निजलो. आई डोक्याला हात लावून बघते, ताप आहे का.
ऐकलं नाही काही.

२८ जाने., बुध
मेसेज टाकला. पाच-सहा वेळा मोठा लिहिला, पुसला. शेवटी एवढाच ठेवला: तू सांगत होतीस ते मी पुरं ऐकलं नाही. शनिवारी तुमच्या घरी गेलो होतो. काकांपुढं तुझं नाव नाही घेतलं. आता तू बोल, मी मधे बोलणार नाही.
निळ्या खुणा लगेच. उत्तर नाही.

दादा आज बोलला. "टेप बसवू का परत?" नको म्हणलं. म्हणाला, "बरा हाईस ना?" आणि उत्तराची वाट न बघता टायर बघायला गेला.

३० जाने., शुक्र
गा. चा मेसेज: रविवारी भोरला जातेय. तू येऊ नकोस.
बस.
बाबांना सांगायला, का माझ्यापासनं मोकळं व्हायला? विचारलं नाही. विचारणं म्हणजे मधे बोलणंच.
दुसरी बाजू ऐकली आज, ते वाक्य न ढकलता. शेवटचं फार संथ आहे. गिटारवाल्याला घरी जायचंय आणि पाय निघत नाही असं. चांगलं आहे. चांगलं आहे याचा काही उपयोग नाही.

१ फेब्रु., रवि
दूध पोचवून कापूरहोळलाच थांबलो. भोरला येऊ नकोस म्हणाली, बघू नकोस असं नव्हतं. हे पण मला माहितीय की चोरीच आहे.

स्वारगेट-भोर एसटी आली. ती खिडकीला होती, केस बांधलेले, मांडीवर बॅग. गाडी फाट्याला थांबली, दोघंतिघं उतरले. मी टेम्पोच्या बाजूला उभा. तिनं बघितलं. हात केला नाही, मान पण हलवली नाही. पण बघणं काढलं नाही, गाडी सुटेस्तोवर. मला हाक मारायची होती, गाडी आडवी घालायची होती. पाय उचललाच होता. कंडक्टरनं घंटी मारली, एसटी भोरकडं वळली, आणि मी तिथंच.
ढाब्यावाला म्हणाला, "कुणी यायचं हुतं का तुमचं?"
म्हणलं, व्हय. गेलं पुढं.

आता दिवस मावळलाय. मोबाईल उंबऱ्यावर ठेवलाय, तिथंच काय ती रेंज येते. चुलीवर आईचं काहीतरी चाललंय, दादा आल्यावर जेवू म्हणते.
तिकडं ती बोलत असेल आत्ता. नाहीतर बोलून झालं असेल. नाहीतर बाबांनी विचारलं असेल, काय गं, काय सांगायचं होतं, आणि ती नुसतीच जेवत असेल.